दगड उघडेपर्यंत

९ मार्च
बेटावरून

प्रिय एटी,

तुझं विमान ढगात शिरेपर्यंत मी धावपट्टीच्या कुंपणाशी उभी होते. खिडकीतून हात तू हलवलास की दुसऱ्याच कुणी, ते दिसलं नाही. मी आपला माझा हलवून घेतला. घरी आले तर आका पायरीवर बसलेली. मला म्हणाली, "पोरगी जेवून गेली का?" पोटच्या लेकीला माती देऊन आलेली बाई, आणि हिला नातीच्या जेवणाची चिंता. मी हो म्हणून सांगितलं. तू नुसता चहा पिऊन गेलीस हे मला माहीत आहे.

फोन केला की मी रडते, मग तू रडतेस, आणि बोलायचं ते राहून जातं. म्हणून पत्र लिहिते. टपालाचं विमान येतं तेव्हा येतं, पण आपल्याला तरी कुठे घाई आहे.

आता कामाचं. काल मरेजामामी आली होती. आपण रक्ताची माणसं रडण्यापुरती. बाकी सगळं सुनांनी आणि जावयांनी बघायचं, ही आपली रीत तुला ठाऊक आहे. मरेजाला एरवीही हुकूम सोडायला निमित्त लागत नाही, ह्या वेळी तर तिचा हक्कच आहे. तिनं बैठकीतला तुझ्या आईचा फोटो उतरवून कापडात गुंडाळला, चर्चच्या हॉलमधल्या फोटोवर कागद चिकटवला, तिचे कपडे बांधून नेले. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आणि तिची ती वेबसाईट? इथे भिंतीवरची झाकली आणि तिकडे ती सगळ्या जगासमोर नारळ खवत बसली आहे, हे चालायचं नाही."

बरोबर आहे तिचं. चेहरा, नाव, आवाज, सगळं झाकायचं, दगड उघडेपर्यंत. पुसू नकोस, नुसतं झाकून ठेव. वर्ष-दीड वर्षानं कबरीवर दगड बसेल, सगळे नातेवाईक जमतील, दगडावरचं कापड निघेल, जेवणं होतील, नाच होईल, आणि तेव्हा तिचं नाव मोठ्यानं घ्यायचं. तोवर पत्रातसुद्धा नाही. आपण हाक मारत राहिलो तर ती वळूनवळून मागे बघत राहील, आणि तिला लांब जायचं आहे.

जेवत जा.

तुझी दोरामावशी


२ एप्रिल
केर्न्स

प्रिय मावशी,

झाकलं. आईच्या साईटवर आता एवढीच ओळ आहे: "ह्या घरात दुखवटा आहे. दगड उघडल्यावर या." मरेजामामीला सांग, कागद नीट चिकटला आहे.

ते केल्यावर मला फार एकटं वाटायला लागलं. इतकी वर्षं तिनं तिथे लिहिलं. आकाची बाग, वारे, मासे, नारळाच्या दुधातल्या सॉपसॉपमध्ये रताळी आधी शिजवायची की भोपळा, आणि मध्येमध्ये आपल्या सगळ्यांच्या खोड्या. मी ते कधी धड वाचलं नव्हतं. ती रोज फोनवर बोलायची, मग लिहिलेलं कशाला वाचायचं? आता वाचावंसं वाटलं तर कुलूप मीच घातलेलं. आतून उघडून बघता आलं असतं, पण ते फोटोवरचं कापड चोरून उचलल्यासारखं झालं असतं.

तिचं एक वाक्य मला पाठ आहे, कारण ते वाचून मी ऑफिसात मोठ्यानं हसले होते. "आका म्हणते, भांडून आलेल्या हातानं नारळ खवू नये, दूध आंबट निघतं. मी रोज कुणाशी तरी भांडूनच खवणीवर बसते आणि दूध एकदाही आंबट निघालेलं नाही. पण आकाला हे सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही." मी ते तसंच इंटरनेटवर शोधलं. वाटलं, कुणी कौतुकानं कुठे उतरवून घेतलं असेल, तेवढंच दिसेल.

मावशी, अख्खी साईट निघाली. आईचं सगळं, पहिल्या पानापासून. वर हॅना विटमोर नावाच्या बाईचा फोटो, पिवळे केस, हातात कप. खाली आईचे हात. तेच हात, कालव फोडताना अंगठ्याला झालेली खूण तशीच आहे. चेहरा तेवढा कापून टाकलाय. शब्दही कुठेकुठे फिरवलेत. आपली मातीतली भट्टी तिथे 'अंगणातला स्वयंपाकाचा खड्डा' झाली आहे. आणि आई जिथे जिथे 'आका म्हणते' लिहायची, तिथे 'आमच्या शेजारच्या मिसेस आका म्हणतात' असं आहे. दर दोन परिच्छेदांनंतर पोट कमी करायच्या चहाची जाहिरात.

आमच्या ऑफिसात संगणक बघणारा माणूस आहे, त्याला दाखवलं. तो म्हणाला, हॅना वगैरे कुणी नसणारच. दुसऱ्याचं उचलायचं, यंत्राला चार शब्द फिरवायला सांगायचं आणि जाहिराती लावायच्या, हा धंदा आहे. त्या साईटला मी पत्रं लिहिली, उत्तर नाही. ती ज्या कंपनीच्या जागेत आहे तिच्याकडे तक्रार करता येते. मी फॉर्म उघडला. पहिलाच प्रश्न आहे, मूळ लेखिकेचं नाव काय.

माझी बोटं तिथेच थांबली. लिहू का, मावशी? तेवढ्यापुरतं?

एटी


२३ एप्रिल
बेटावरून

प्रिय एटी,

नाही.

तू चिडशील हे माहीत असून लिहिते. तू ते नाव परक्या कंपनीतल्या परक्या माणसाला देणार, तो आणखी चौघांना देणार, कागदोकागदी ते फिरत राहणार. आणि इथे आम्ही तिच्या नावाची दुसरी एक पोरगी आहे तिला 'ए, तू' म्हणून हाका मारतोय. त्या बिचारीनं परवा विचारलं, मला माझं नाव परत कधी मिळणार? तिला सांगितलं, थांब. ती सात वर्षांची पोर थांबली आहे. तू थांब.

आणि इतकं काय नेलं ग त्या साईटनं? कागदावरचं नेलं. भट्टी आपल्या अंगणात आहे, खवणी माझ्या हातात आहे, आका अजून रोज बागेत जाऊन माझ्या रताळ्याच्या वेलांना नावं ठेवते. तुझी आई असती तर त्या पोट कमी करायच्या चहावरच एक पान लिहिलं असतं तिनं. दगड उघडला की तूही उघड, मग भांड त्यांच्याशी हवं तितकं. मीही येईन भांडायला, माझ्या भाषेचा त्यांच्या यंत्राला अर्थ लागला तर.

आकाला ह्यातलं काही सांगितलेलं नाही. तूही फोनवर बोलू नकोस. तिचं आता कुठे जेवण सुरू झालंय.

इथे वारा फिरला. आग्नेयेचा सुरू झाला, कपडे पटापट वाळतात.

दोरामावशी


३० जून
केर्न्स

प्रिय मावशी,

उद्या तुमच्याकडे पहिल्या जुलैचा सण. भट्टी लागेल, चर्चमध्ये गाणी होतील, आणि आईच्या जागी पुढच्या बाकावर कुणी बसणार नाही. मला यायचं होतं, जमलं नाही. म्हणून आज मनात जे आहे ते लिहिते, राग मानू नकोस. मान हवा तर.

नाव न घालता मी तक्रार पाठवली होती. लिहिलं, लेखिका माझी आई, ती वारली, आमच्या रीतीप्रमाणे सध्या तिचं नाव सांगता येत नाही, दगड उघडला की सांगते, तोवर पानं खाली घ्या. जुन्या प्रती, नाव झाकून आणि न वाचताच, तारखांसकट जोडल्या. कंपनीनं ते त्या साईटवाल्यांना पाठवलं आणि त्यांचं उत्तर मला पाठवलं. दोन ओळी. "हे सर्व लेखन आमचं आहे. अशी कुणी दुसरी लेखिका खरोखर असेल, तर तिचं नाव सांगावं."

कंपनी म्हणते, त्यांचं बरोबर आहे. नावाशिवाय तक्रार पुढे जात नाही. शिवाय आमची साईट बघितली तर तिथे काहीच नाही, नुसता दुखवटा. तिकडे सगळं भरलेलं. मग खरं कोण वाटणार?

गेल्या शुक्रवारी ऑफिसात सगळ्यांनी घरून काहीतरी करून आणायचं होतं. ट्रेसीनं सॉपसॉप आणला. मला म्हणाली, "एटी, तुमच्याकडचाच ना हा? हॅनाच्या साईटवर मिळाला, काय लिहिते ती बाई." मी खाल्ला. चांगला झाला होता. रताळी आधी, मग भोपळा, अगदी आईनं लिहिल्यासारखा. मी ट्रेसीला काय सांगणार होते? ती माझी आई आहे म्हटलं असतं तर तिनं पुढचं विचारलं असतं, नाव काय तिचं.

तू म्हणतेस कागदावरचं नेलं. मावशी, तुझ्याकडे बाग आहे, खवणी आहे, आका आहे. मी दोन खोल्यांच्या घरात राहते. मला आईचं कागदावरचंच मिळणार होतं.

तुमच्या गप्प बसण्याचा फायदा आजवर एकाच माणसाला झाला आहे, आणि तो माणूससुद्धा नाही, यंत्र आहे. आई लांब जावी म्हणून तुम्ही तिचं नाव घेत नाही. आणि ती इथे जाहिरातींमध्ये अडकून पडली आहे, बिनचेहऱ्याची, दुसरीचं नाव लावून. हिला तुम्ही जाणं म्हणता?

एटी


२८ सप्टेंबर
बेटावरून

प्रिय एटी,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. मरेजाला वाचून दाखवलं तर ती तुलाच बोलेल म्हणून दाखवलंही नाही. पीठ ठेवायच्या डब्यामागे ठेवून दिलं होतं. पीठ काढायला गेले की दिसायचं. आता पीठही संपलं आणि माझा रागही उतरला असेल, म्हणून लिहिते. शिवाय इकडे एक गोष्ट घडली, ती तुला सांगायलाच हवी.

दवाखान्यात केली नावाची नवी नर्स आली आहे, मेलबर्नची. पोर चांगली आहे, उन्हानं नाक सोललंय, सगळ्यांना जीव लावते. मागच्या मंगळवारी आकाला रक्तदाब बघायला नेलं होतं. दंडाला पट्टा बांधून केली म्हणाली, "आका, आज तुम्हाला एक गंमत वाचून दाखवते. एका बाईची साईट मिळाली आहे. अगदी तुमच्यासारखं करते सगळं. त्यात एक मिसेस आका पण आहेत."

मी शेजारी बसले होते. थांब म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. थांब म्हटलं असतं तर तिनं का म्हणून विचारलं असतं. तुझी ट्रेसीची अडचण मला तिथे कळली, पोरी.

केली वाचत होती. बागेचं वाचलं, पावसाळी वाऱ्याचं वाचलं. आका डोळे मिटून ऐकत होती, मला वाटलं तिला कळलं नाही, बरं झालं. मग ते नारळाचं आलं. शेजारच्या मिसेस आका म्हणतात, भांडून आलेल्या हातानं खवू नये. मी रोज भांडूनच बसते, पण मिसेस आकांना सांगायची हिंमत झालेली नाही.

आका हसली. एटी, फेब्रुवारीपासून ती हसली नव्हती. पट्टा बांधलेला हात हलायला लागला इतकी हसली. आपल्या भाषेत मला म्हणाली, "मला काय माहीत नव्हतं? खवणीवर बसायची तेव्हा कान लाल असायचे तिचे."

मग तिचे डोळे भरले. केली घाबरली, दुखतंय का विचारायला लागली. आका केलीच्या भाषेत म्हणाली, "छान लिहिलंय बाईनं. तिची आई नशिबवान."

केली म्हणाली, "आई नाही, शेजारीण आहे ती."

आका म्हणाली, "हो. शेजारीण."

परत येताना ती समुद्राच्या भिंतीपाशी बसली. उठेना. मग मी सगळं सांगितलं, तू लिहिलेलं, ते दोन ओळींचं उत्तर, सगळं. ऐकून घेतलं. तिला वाचता येत नाही, तुझ्या आईनं स्वतः ती पानं कधी तिला वाचून दाखवली नाहीत. भीत होती, आपल्या खोड्या लिहिल्यात म्हणून. लेकीनं आपल्याबद्दल काय लिहिलं ते आईला कळलं, ते चोराच्या तोंडून. ह्याचं काय करायचं ते मला कळत नाही. त्या साईटला शिव्या द्यायला गेले की आकाचं हसू आठवतं.

आकाचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहिते. "नाव मी ठेवलं. पहिल्यांदा मी घेतलं. झाकल्यावर परत पहिल्यांदा मीच घेणार, दगडाजवळ उभी राहून. माझ्या आधी कुणी नाही. पोरीला सांग, मला तेवढं दे."

आता तूच ठरव.

दोरामावशी


११ ऑक्टोबर
केर्न्स

प्रिय मावशी,

फॉर्म बंद केला. आकाला सांग, तिच्या आधी कुणी नाही. माझ्याकडून तर नाहीच.

जूनच्या पत्रात मी जे लिहिलं त्यातलं निम्मं मला परत घ्यायचं आहे, आणि निम्मं कुठलं ते मला ठरवता येत नाही.

दगडाचं काम दिलं आहे. काळा दगड, तुम्ही म्हणालात तसा. कारागिराला नाव लिहून द्यायला मरेजामामीचा भाऊ गेला होता, मी दुकानाच्या बाहेर उभी राहिले. दगडासाठी मी तिचा तो होडीतला, केस उडालेला फोटो निवडला आहे. तो त्या साईटवर नाही. शोधून शोधून असा काढला.

खरं सांगू? मी दर रविवारी त्या साईटवर जाते. सकाळी चहा घेऊन बसते आणि ते एकच वाक्य टाकून शोधते, म्हणजे ते पान येतं. तिथून पुढे वाचत जाते. मिसेस आका आल्या की मनातल्या मनात आका वाचते, खड्डा आला की भट्टी वाचते, पिवळ्या केसांच्या बाईवर हात ठेवते. मग ती बोलायला लागते. आपल्या घरी तिला झाकलंय, म्हणून मी चोराच्या घरी जाऊन तिला भेटून येते. कुणाला सांगू नकोस, मरेजामामीला तर मुळीच नको.

जुलैत येते, दगडाला. आकासाठी नवं कापड घेतलंय, निळ्या फुलांचं. त्या दिवशी तिला तेच नेसव, मी येईन तेव्हा आणते.

एटी


१८ जानेवारी
बेटावरून

प्रिय एटी,

तू आलीस, आकाला माती दिलीस, निळ्या फुलांचं कापड तिच्या अंगावर घातलंस आणि परत गेलीस. त्या चार दिवसांत घरात एवढी माणसं होती की तुला बाजूला घेऊन बसता आलं नाही. एक गोष्ट सांगायची राहिली. खरं तर राहिली नाही, मीच धीर करत होते.

आका दवाखान्यात होती, थर्सडे बेटावरून तिला मोठ्या इस्पितळात न्यायला विमान यायचं होतं. दुपारची वेळ, बाहेर आभाळ काळं झालेलं. मी उशाशी होते, केली पायाशी. आका सकाळपासून काही बोलली नव्हती. खिडकीवर पहिले थेंब वाजले आणि तिनं डोळे उघडले. आणि तिनं हाक मारली. तुझ्या आईला. नाव घेऊन, पूर्ण, मोठ्यानं, जशी अंगणातून मारायची. म्हणाली, "अगं, पाऊस आला, कपडे आत घे."

किती महिन्यांनी ते नाव कानावर पडलं. मला वाटलं आता दारातून ती येईलच, कुरकुरत, दोन्ही हातांत कपडे घेऊन.

आका दाराकडे बघत राहिली. कपडे आत आले असं तिला दिसलं असावं, कारण तिचा चेहरा निवळला. नंतर फार वेळ लागला नाही.

केलीनं तिचे डोळे मिटले. ती रडत होती. मला म्हणाली, "कुणाला बोलावत होत्या?"

एटी, मी त्या पोरीला आजवर काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. म्हटलं, "तिच्या लेकीला. तू वाचून दाखवलंस ना, ते तिनं लिहिलेलं."

केलीनं विचारलं, "आणि ती शेजारीण?"

मी आकाच्या कपाळावर हात ठेवला. म्हटलं, "ही."

ती पोर खाली बसली जमिनीवर. चूक तिची नव्हती, तसं मी तिला सांगितलं, पण तिला उठायला बराच वेळ लागला.

आता पुढचं ऐक. मरेजा म्हणते, नवा दुखवटा लागला, तेव्हा जुलैत दगड उघडता येणार नाही. मायलेकींचे दोन्ही दगड एकदमच उघडायचे, म्हणजे अजून दीड-दोन वर्षं. तिचं बरोबर आहे. ती हे सांगताना स्वतःच रडत होती, हुकूम सोडल्यासारखं वाटलं नाही. तिला मी सगळं सांगितलं, त्या साईटचं आणि आकाच्या हाकेचं. ती म्हणाली, "मग झालं की. म्हातारीनं मागितलं होतं पहिल्यांदा घ्यायचं, ते तिनं घेतलं. आता पोरीनं एका कागदावर लिहिलं तर चालेल. तेवढ्या एकाच."

तेव्हा लिही, बाळा. आपलं पान झाकलेलंच राहू दे, पण त्या दोघी त्या चहाच्या जाहिरातींमध्ये अजून दोन वर्षं नकोत. माझ्याच लेकीचं लिहिणं, मला शेजारीण करून, असं कुणी वाचून दाखवलं असतं तर मी आकासारखी हसू शकले नसते.

तुझी मावशी


८ मार्च
केर्न्स

प्रिय मावशी,

लिहिलं. फॉर्म उघडून खूप वेळ बसले होते. मग आकानं अंगणातून मारलेली हाक आठवली आणि त्या हाकेच्या मागोमाग लिहून टाकलं. नावाच्या शेजारी दुसरा रकाना होता, तुमचं लेखिकेशी नातं काय. तिथे मुलगी असं लिहिलं. 'आका' शब्दाचा अर्थ काय, हे त्यांनी विचारलं नव्हतं, तरी मी खाली लिहिलं: आजी, शेजारीण नव्हे.

त्या साईटवाल्यांनी ह्या वेळी काही उत्तर दिलं नाही. कंपनीनं मागच्या गुरुवारी कळवलं की सगळी पानं काढून टाकली आहेत, फोटोसुद्धा. संगणकवाला म्हणतो, उद्या आणखी कुणी दुसरं नाव लावून वर आणेल, लक्ष ठेवायला लागेल. ठेवीन. आता मला फॉर्म भरता येतो.

ट्रेसीनं विचारलं, हॅनाची साईट बंद का झाली. मी सांगितलं, ती माझ्या आईची होती. तिनं नाव विचारलं नाही. मला जवळ घेतलं आणि म्हणाली, पुढच्या शुक्रवारी तू कर सॉपसॉप. करणार आहे. दगडांवर घालायची कापडं तू निवड, मावशी, दोघींची वेगळी असू देत. तोपर्यंत मी येऊन-जाऊन राहीन, तुझी बाग बघायला कुणी नाही.

काल रविवार होता. आई गेली तेव्हा मी रडले, आकाला माती दिली तेव्हा रडले, तुला माहीत आहे. तरी आतून कुठेतरी मला वाटायचं की अजून आहे, रविवारी भेटेल. काल मी सवयीनं चहा केला, खिडकीशी बसले आणि ते वाक्य टाकलं. नारळाचं, भांडणाचं, आकाला सांगायच्या हिंमतीचं. पडद्यावर आलं, काही सापडलं नाही. माझं काही चुकलं असेल म्हणून परत टाकलं, एकेक शब्द नीट बघून. काही सापडलं नाही. आपलं पान मीच झाकलेलं, चोराचं मीच काढायला लावलेलं. चहा गार होईपर्यंत मी तिथे बसून राहिले. मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून सगळे मला सांगतायत की आई गेली. मला ते काल कळलं.

तुझी
एटी